वाक्याच्या शेवटापर्यंत न पोहोचलेले वाचन

मी विद्यापीठात मराठी शिकवते; पण माझे बहुतेक विद्यार्थी मराठी घरांतले नाहीत. त्यांच्या मातृभाषा निरनिराळ्या आहेत, मराठी ही त्यांची दुसरी, काहींची तिसरी भाषा आहे, आणि अभ्यासक्रमाचा भाग म्हणून त्यांना मराठीतले वैचारिक लेख, अहवाल आणि निबंध वाचावे लागतात. गेल्या सत्रात एका लेखातले पुढील वाक्य वर्गासमोर होते: ‘या बदलांमुळे शिक्षणाचा दर्जा सुधारला, असे जे वारंवार सांगितले जाते, ते उपलब्ध आकडेवारीवरून सिद्ध होत नाही.’ एका विद्यार्थिनीने ते मोठ्याने, कुठेही न अडखळता, स्वल्पविरामांपाशी योग्य तेवढे थांबत वाचले. लेखकाचे म्हणणे काय आहे, असे मी तिला विचारले. ती आत्मविश्वासाने म्हणाली, “मॅडम, बदलांमुळे शिक्षणाचा दर्जा सुधारला आहे, आणि त्याची आकडेवारीसुद्धा उपलब्ध आहे.”

मी तिला एकेका शब्दाचा अर्थ विचारला. ‘उपलब्ध’ तिला ठाऊक होता, ‘आकडेवारी’ ठाऊक होता, ‘वारंवार’चा अर्थ तिने स्वतःच्या भाषेतला प्रतिशब्द देऊन सांगितला, आणि ‘सिद्ध होणे’ म्हणजे काय हेही तिला नेमके माहीत होते. म्हणजे त्या वाक्यात अनोळखी असा एकही शब्द नव्हता, व्याकरणाच्या चाचणीत तिला चांगले गुण होते, आणि तरीही लेखकाने जे नाकारले होते तेच तिने त्याचे मत म्हणून स्वीकारले होते. मग आम्ही ते वाक्य फळ्यावर लिहून तुकड्या-तुकड्याने वाचले, आणि कुठे चुकले ते तिचे तिलाच दिसले. पहिल्या पाच शब्दांत एक पूर्ण विधान तयार होते. ते तिने मनात पक्के केले, आणि पुढचे ‘असे जे… ते…’ हे जोडकाम म्हणजे त्याच विधानाचा विस्तार असणार, असे धरून ती पुढे सरकली. शेवटचे दोन शब्द तिने उच्चारले खरे. पण तोवर वाक्याचा अर्थ तिच्यापुरता ठरून गेलेला होता.

त्या दिवसापासून मी या एकाच गोष्टीचा विचार करत आहे. दुसऱ्या भाषेत वाचणाऱ्या मुलांना ‘कळत नाही’ असे आपण सरसकट म्हणतो. माझा अनुभव असा, की त्यांना काही तरी नेहमीच कळलेले असते, आणि अडचण नेमकी तिथेच असते. जे कळले ते सुसंगत असते, पुरेसे वाटते, आणि म्हणून ते तपासून पाहण्याची गरज वाचणाऱ्याला भासत नाही.

मराठीपुरते बोलायचे तर वाक्याची घडण या घाईला फारशी क्षमा करत नाही. आपल्याकडे क्रियापद शेवटी येते आणि बहुधा नकारही त्याच्या पाठोपाठ येतो. ‘समितीने गेल्या वर्षी फेटाळलेल्या प्रस्तावाला पाठिंबा देणाऱ्या सदस्यांनी मांडलेली हरकत’ एवढे वाचून होते तेव्हा मुख्य क्रियापदाचा पत्ताही नसतो, पण प्रस्ताव कोणी फेटाळला, पाठिंबा कोणी दिला आणि हरकत कोणी घेतली, या तीन गोष्टी वाचणाऱ्याने हातात धरून ठेवलेल्या असाव्या लागतात. मातृभाषेत वाचणाऱ्याला हे ओझे जाणवत नाही, कारण प्रत्यय दिसताक्षणी तो पुढचा रस्ता ओळखतो; ‘असे जे’ हे दोन शब्द दिसले की पुढे कुणाचे तरी म्हणणे तपासले जाणार याची त्याला चाहूल लागते. मेरेडिथ डेनमन आणि पॅट्रिशिया कार्पेंटर या मानसशास्त्रज्ञांनी १९८० मध्ये वाचनाचे आकलन आणि कार्यकारी स्मृती, म्हणजे काम चालू असताना माहिती तात्पुरती धरून ठेवणारी स्मृती, यांचा जवळचा संबंध दाखवून दिला होता. त्यांच्या चाचणीत वाक्ये एकामागून एक वाचायची आणि शेवटी प्रत्येक वाक्यातला अखेरचा शब्द आठवून सांगायचा असे. जो वाचक शब्द ओळखण्यातच आपली शक्ती खर्च करतो, त्याच्यापाशी आधीचे धरून ठेवायला फारसे काही उरत नाही. परभाषेतला वाचक याच कात्रीत सापडतो.

हा दोष भाषेच्या अपुऱ्या ज्ञानाचा, की वाचण्याच्या सवयीचा? इंग्लंडमधील भाषातज्ज्ञ चार्ल्स ऑल्डरसन यांनी १९८४ मध्ये हाच प्रश्न थेट विचारला होता, आणि त्यांचा कल असा होता, की दोन्हींचा हात असला तरी भाषेचे ज्ञान कमी असलेल्या टप्प्यावर अडचण मुख्यतः भाषेची असते. मातृभाषेत उत्तम वाचणारा माणूस परभाषेतही आपोआप उत्तम वाचेल, असे होत नाही; त्या भाषेचा एक किमान उंबरठा ओलांडल्यावरच त्याची जुनी कौशल्ये नव्या भाषेत कामाला येऊ लागतात. पुढे एलिझाबेथ बर्नहार्ट यांनी अनेक अभ्यासांचा एकत्र विचार करून २००५ मध्ये एक अंदाज मांडला. परभाषेतल्या वाचनात वाचकावाचकांमध्ये जो फरक पडतो, त्यातला सुमारे २० टक्के भाग मातृभाषेतल्या साक्षरतेमुळे आणि सुमारे ३० टक्के भाग नव्या भाषेच्या ज्ञानामुळे पडतो. उरलेल्या जवळजवळ निम्म्या भागाचे स्पष्टीकरण या दोन्ही गोष्टींतून मिळत नाही. तिथे विषयाची माहिती, आवड, वाचण्याच्या युक्त्या, मन लावण्याची तयारी अशा गोष्टी येतात. शब्द आणि व्याकरण पक्के केले की वाचन आपोआप सुधारेल, या समजुतीवर मी कितीतरी वर्षे शिकवले. ते निम्मे मात्र मी कधी हिशेबातच धरले नव्हते.

माझ्या वर्गातल्या काही विद्यार्थ्यांची अडचण आणखी एका कारणाने झाकली जाते. ज्यांना हिंदी येते त्यांना देवनागरी लिपी लहानपणापासून परिचयाची असते. पहिल्या आठवड्यातच ते मराठी उतारा असा वाचून दाखवतात, की ऐकणाऱ्याला वाटावे, यांना आणखी काय शिकवायचे राहिले? फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ मध्ये वाचनाचे एक साधे सूत्र मांडले होते. अक्षरांवरून शब्द ओळखण्याची क्षमता आणि ऐकलेली भाषा समजण्याची क्षमता यांचा गुणाकार म्हणजे वाचनाचे आकलन. त्यांनी बेरीज धरली नाही, गुणाकार धरला. म्हणजे दोहोंपैकी एक शून्य असेल तर दुसरी कितीही मोठी असली तरी हाती शून्यच येते. प्रकट वाचनावरून विद्यार्थ्याची पारख करणारा शिक्षक त्यातली एकच संख्या पाहत असतो. सुरेख उच्चारांची मी आजही कदर करते, पण आकलनाचा पुरावा म्हणून ते स्वीकारणे मी सोडून दिले आहे.

शब्दसंग्रहाचे महत्त्व मी कमी करू इच्छित नाही. इंग्रजीच्या बाबतीत या विषयाचा बारकाईने अभ्यास झाला आहे. बाटिया लाउफर यांनी १९८९ मध्ये, उताऱ्यातले निदान ९५ टक्के शब्द ओळखीचे असल्याशिवाय समाधानकारक आकलन होत नाही, असे मांडले. पॉल नेशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासांतून ही मर्यादा ९८ टक्क्यांपर्यंत गेली, आणि त्यासाठी इंग्रजीतली सुमारे ८,००० ते ९,००० शब्दकुळे (एक मूळ शब्द आणि त्यापासून झालेली रूपे मिळून एक कुळ) यावी लागतात, असे नेशन यांनी २००६ मध्ये दाखवले. ऐकायला ९५ टक्के पुष्कळ वाटतात. पण ३०० शब्दांच्या एका पानावर त्याचा अर्थ १५ अनोळखी शब्द असा होतो, म्हणजे प्रत्येक विसाव्या शब्दाला ठेच. ९८ टक्क्यांवर तीच संख्या ६ होते, आणि वाचणाऱ्याचा श्वास लागत नाही.

हे आकडे मराठीला जसेच्या तसे लावता येणार नाहीत, कारण आपला शब्द वाक्यात शिरताना रूप पालटतो. ‘पाऊस’ शिकलेल्या विद्यार्थ्याला ‘पावसात’ हा नवा शब्द वाटतो; ‘वीट’ ठाऊक असूनही ‘विटेला’ पाहून तो थांबतो; ‘ऊस’ आणि ‘उसाचा’, ‘रस्ता’ आणि ‘रस्त्यावरून’ यांचे नाते त्याला दिसत नाही. असा विद्यार्थी शब्दकोश उघडतो तेव्हा ‘विटेला’ त्याला तिथे सापडत नाही, आणि मूळ शब्द कोणता हे कळण्याइतके सामान्यरूप त्याच्या अंगवळणी पडलेले नसते. जो शब्द त्याला मुळात येतच होता, त्याच्यापायी तो पाच मिनिटे घालवतो. मग वाक्याचा धागा सुटतो, तो पुन्हा पहिल्यापासून वाचू लागतो, आणि तीन पाने वाचायला संध्याकाळ जाते. या मुलांना आळशी म्हणणाऱ्यांनी एकदा तरी त्यांच्या शेजारी बसून त्यांचे वाचन पाहावे, असे मला कळकळीने वाटते.

अनोळखी शब्दापेक्षा ओळखीचा वाटणारा शब्द अधिक घात करतो. अनोळखी शब्दाशी वाचणारा निदान थांबतो तरी. लाउफर यांनी इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांची अशी उदाहरणे नोंदवली आहेत. ‘आउटलाइन’ या शब्दाचे दोन तुकडे पाडून ‘रेषेच्या बाहेर’ असा अर्थ विद्यार्थी लावत होते. हिंदी जाणणाऱ्यांना मराठीत अशा जागा पावलोपावली भेटतात. ‘राजीनामा’ हिंदीत तडजोड, मराठीत पद सोडणे. ‘चेष्टा’ तिकडे प्रयत्न, इकडे थट्टा. ‘संसार’ तिकडे जग, इकडे घरप्रपंच. तुरुंगातल्या सुधारणांवरचा एक लेख आम्ही वाचत होतो. त्यात, गुन्हेगाराला केवळ शिक्षा देऊन समाजाचे प्रश्न सुटत नाहीत, अशा अर्थाचे एक वाक्य होते. एका विद्यार्थ्याने संपूर्ण लेखाचा सारांश असा लिहिला, की कैद्यांना शिक्षण देण्याचे प्रयोग झाले, पण तेवढ्याने भागत नाही, पुढे नोकरीचीही सोय हवी. सारांश दीड पानी होता, नीटनेटका होता, आणि त्यातला एकही मुद्दा दुसऱ्या मुद्द्याला छेद देत नव्हता. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण. तो एक शब्द चुकीचा धरला गेला, आणि बाकीचा लेख त्याने मोठ्या कष्टाने त्या चुकीशी जुळवून घेतला. लेखात पुढे शिक्षणाचा उल्लेख खरोखरच होता, त्यामुळे त्याला शंका यायलाही जागा राहिली नाही. इतक्या मेहनतीने केलेल्या कामावर लाल रेघ ओढताना मला फार वाईट वाटले. मी ती ओढली नाही. त्याला बोलावून घेतले.

विषयाची पूर्वकल्पना असणे किती मोलाचे, हे जॉन ब्रॅन्सफर्ड आणि मार्सिया जॉन्सन यांच्या १९७२ मधील प्रयोगांत फार स्पष्ट दिसते. कपडे धुण्याच्या कृतीचे वर्णन करणारा, पण कपड्यांचा उल्लेख नसलेला एक उतारा त्यांनी ऐकवला. शब्द सगळे सोपे, वाक्ये सरळ, ऐकणारे त्याच भाषेचे. तरी विषय आधी सांगितला नव्हता त्यांना तो धड कळला नाही आणि आठवलाही नाही. विषय नंतर सांगितल्याचाही उपयोग झाला नाही. तो आधीच हवा होता. मार्गारेट स्टेफेन्सन, चित्रा जोग-देव आणि रिचर्ड अँडरसन यांनी १९७९ मध्ये भारतीय आणि अमेरिकन वाचकांना दोन्ही देशांतल्या लग्नांची वर्णने असलेली पत्रे वाचायला दिली, तेव्हा आपापल्याकडच्या लग्नाचे पत्र लोकांनी लवकर वाचले आणि त्यातले अधिक लक्षात ठेवले. असे असताना आपण विद्यार्थ्याच्या हाती संदर्भाशिवाय तोडून काढलेला उतारा देतो, लेख कुठला, कोणासाठी लिहिलेला, कोणत्या वादात लिहिलेला, यातले काहीही सांगत नाही, आणि त्यावरून त्याची भाषा जोखतो.

आणि जोखतो तरी कशी? उताऱ्याखाली प्रश्न घालून. याविषयी माझे मत आता बरेच कठोर झाले आहे, म्हणून एक उदाहरण देते. ‘गुमटाने काल तीन ढिंबुळे फेळली.’ गुमटाने किती ढिंबुळे फेळली? तीन. ढिंबुळे कोणी फेळली? गुमटाने. केव्हा? काल. तीनपैकी तीन गुण मिळाले, आणि वाक्याला अर्थच नाही. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा, त्याच्या आगेमागे असलेले वाक्य उतरवून काढायचे, ही युक्ती विद्यार्थी शाळेपासून शिकून आलेले असतात आणि ती त्यांना पदवीपर्यंत तारून नेते. सुरुवातीला सांगितलेल्या विद्यार्थिनीने ‘शिक्षणाचा दर्जा सुधारला, हे कशावरून सिद्ध होत नाही?’ या प्रश्नाचे उत्तर ‘उपलब्ध आकडेवारीवरून’ असे अचूक लिहिले असते. मी असे प्रश्न स्वतः काढत आले आहे, आणि त्यांच्या गुणांवरून मुलांची प्रगती होत असल्याचे समाधानही मानत आले आहे. ते समाधान खरे नव्हते, हे मला उशिरा कळले याचे दुःख आहे.

मग वाचलेले कळले की नाही, हे ओळखायचे कसे? मी आता एक साधी गोष्ट करते. परिच्छेद वाचून झाला की पुस्तक मिटायचे आणि जे वाचले ते आपल्या मातृभाषेत, किंवा जी भाषा सर्वांत सहज येते तिच्यात लिहायचे. त्यातल्या ज्या भाषा मला येत नाहीत, त्या जाणणारा वर्गातला दुसरा कोणी तरी मला तोंडी सांगतो. अनेक वर्षे मी वर्गात मराठीखेरीज दुसरी भाषा येऊ दिली नव्हती, आणि तसे करणे हेच चांगल्या शिक्षकाचे लक्षण आहे असा माझा प्रामाणिक समज होता. त्याचा परिणाम एवढाच झाला, की विद्यार्थ्याला कळलेले असूनही मराठीत मांडता येत नसेल तर ते मला दिसत नव्हते, आणि कळलेले नसताना त्याने मूळ वाक्ये उचलून लिहिली तर तेही दिसत नव्हते. जेम्स ली यांनी १९८६ मध्ये स्पॅनिश शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत हेच नोंदवले होते. स्वतःच्या भाषेत लिहू दिल्यावर त्यांचे आकलन आधी वाटले होते त्याहून अधिक असल्याचे दिसले. मनातल्या मनात भाषांतर करत वाचणे ही वाईट खोड आहे, असेही आपण मानतो. रिचर्ड कर्न यांनी १९९४ मध्ये फ्रेंच शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचा अभ्यास करून दाखवले, की लांब वाक्याचा अर्थ स्मृतीत धरून ठेवायला आणि विचार जोडायला हे भाषांतर मदतही करते. ते शब्दाला शब्द असे झाले तर फसते, हे अर्थातच खरे आहे.

या लेखनातून ज्या चुका समोर आल्या, त्यांतल्या फारच थोड्या अवघड शब्दांच्या होत्या. ‘जरी’ सुटलेला असतो आणि ‘तरी’ तेवढा धरलेला असतो. ‘गेल्याशिवाय काम होणार नाही’ यातून ‘जाऊ नये’ असा अर्थ काढलेला असतो. ‘असे म्हणता येणार नाही’, ‘असे मानण्याचे कारण नाही’, ‘असा समज आहे’ ही वाक्यांची शेपटे गळून पडलेली असतात, आणि उरते ते उलटे विधान. वैचारिक मराठीचा सारा नेम अशा शेवटांवर असतो, पण भाषेच्या पाठ्यपुस्तकांत त्यांना स्वतंत्र जागा मिळालेली मी पाहिली नाही. म्हणून आता आम्ही आठवड्यातून एक तास एकच परिच्छेद वाचतो. प्रत्येक वाक्याचे शेवटचे क्रियापद आधी शोधायचे, तिथून मागे येत कर्ता गाठायचा, आणि हे म्हणणे लेखकाचे स्वतःचे आहे की तो दुसऱ्याचे सांगत आहे, हे समासात लिहायचे. तासात आठ-दहा वाक्ये होतात. अभ्यासक्रम मागे पडतो, हे मला मान्य आहे.

याच्या जोडीला भरपूर आणि सोपे वाचन हवे, ज्यात शब्दकोश उघडावाच लागू नये. इथे मात्र आपण कमी पडतो. मोठ्या माणसांच्या विषयांवर सोप्या मराठीत लिहिलेले साहित्य फार थोडे आहे. विशीतल्या तरुणाच्या हाती मी बालवाङ्मय दिले तर तो नम्रपणे घेतो आणि न वाचता परत आणतो. वैचारिक लेख दिला तर पहिल्याच पानावर खचतो. या दोहोंच्या मधल्या पायऱ्या कोणी तरी बांधायला हव्यात. मी वर्गापुरती लहान लहान टिपणे लिहू लागले आहे, विज्ञानाची, कायद्याची, शेतीची, दोन-दोन पानांची, आणि विद्यार्थी ती घरी नेतात एवढे मला दिसते.

वर्गात आणखी एक नियम आहे. वाचताना जिथे धागा सुटला तिथे पेन्सिलीने एक उभी रेघ मारायची. शब्द अडला म्हणून नव्हे, आधीच्या वाक्याशी हे वाक्य जुळत नाही असे वाटले म्हणून. सुरुवातीला वह्या कोऱ्या येत, कारण कोणालाच काही न जुळणारे आढळत नसे. सत्र संपत आले तसतशा रेघा वाढल्या. ज्या विद्यार्थिनीपासून हे सुरू झाले, ती एका दुपारी एक निबंध घेऊन माझ्याकडे आली. तिसऱ्या परिच्छेदात ‘किंबहुना’ या शब्दावर तिने रेघ मारली होती. “हा ‘किंवा’ नाही, ते मला माहीत आहे,” ती म्हणाली, “पण आधीच्या वाक्यात लेखक एक सांगतो आणि ‘किंबहुना’ म्हणून त्याच्या उलटच सांगतो. मी चार वेळा वाचले.” मी तो परिच्छेद घेतला आणि एकदा वाचला, मग सावकाश दुसऱ्यांदा वाचला. तिचे बरोबर होते. लेखकाला तिथे ‘उलट’ म्हणायचे असावे.